पैलवानाचा केसाचा गळ

वरातीत सगळे नवरदेवाकडे बघतात. आमचे बापूकाका घोड्याच्या शेपटीकडे बघत.

घोडा पांढरा असला की ते खूश होत, आणि जवळ जाऊन बघितल्यावर तो घोडा नसून घोडी निघाली की लग्नच मोडल्यासारखा त्यांचा चेहरा पडे. "घोडीचा केस कुजका," ते म्हणत. "सारखा मुतात भिजतुया. वाईच ताण बसला की तुटला." हे ते वरमाईच्या शेजारी उभे राहून, वाजंत्र्यांच्या वरताण आवाजात म्हणत. अशा एका लग्नात मी त्यांच्याबरोबर होते. त्यानंतर पंगत बसेपर्यंत मी त्यांची कुणीच नसल्यासारखी मांडवाच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिले.

काकांना घोड्याचा केस लागे तो मासे धरायला.

बापूकाका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. पलूसच्या बाजूला, कृष्णेच्या काठी त्यांचं घर होतं आणि थोडा ऊस होता. तरुणपणी ते नावाजलेले पैलवान होते. मी त्यांना पाहिलं तेव्हा कुस्ती सुटून पुष्कळ काळ लोटला होता, पण मान अजून खांद्यात बसवल्यासारखी होती आणि कान मोडून मोडून वाळक्या अंजिरासारखे झाले होते. त्यांच्या हाती कुठलीच नाजूक वस्तू टिकत नसे. कपाचा कान, कंदिलाची काच, दाराची कडी, सगळं त्यांच्या हातात निखळून येई आणि मग ते त्या वस्तूकडे अशा नजरेनं बघत की जणू तिनंच दगा दिला.

असा माणूस मासे धरायला बसला की जाड दोरखंड घेऊन बसेल असं कुणालाही वाटेल. नदीवर बाकीचे लोक सुताची पिळाची दोरी वापरत. कुणीतरी मुंबईहून आतड्याची विलायती तात मागवायचा, ती महायुद्ध सुरू झाल्यापासून मिळेनाशी झाली होती. काका दोघांनाही हसत. त्यांचा दोरा काठीजवळ चार केसांचा पीळ असे, पुढे दोन केसांचा, आणि गळाजवळ फक्त एक केस. पाण्यात टाकला की तो पांढरा केस मला दिसतच नसे. काका हवेत हात धरून बसल्यासारखे दिसत.

"जोर काय, रेड्याला बी असतुया," ते म्हणायचे. "मासा वडायचा न्हाई, मडम. त्येला यायची इच्छा झाली पायजे."

मडम म्हणजे मी. पाचगणीच्या इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे गावात माझं दुसरं नाव कुणाला आठवत नसे. आणि ‘दमानं’ हा त्यांचा सगळ्यावरचा तोडगा. बैल उधळला, दमानं. दूध उतू गेलं, दमानं. दूध तोवर सगळं चुलीत गेलेलं असे.

त्या उन्हाळ्यात मला त्यांच्याकडे पाठवलं ते काकी आजारी होत्या म्हणून. काकींना मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, आला होता. घरात दुसरं माणूस नव्हतं, त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि माझी मॅट्रिकची परीक्षा संपलेली होती. मला आजाऱ्याची शुश्रूषा येत नव्हती. येत होतं फक्त थर्मामीटर वाचायला, आणि तेवढ्यावर मला सगळा गाव अर्धी डॉक्टर समजू लागला. सकाळ-संध्याकाळ मी पारा बघायची आणि काका दाराबाहेरून विचारायचे, "मडम, काय म्हणतुया त्यो?" पारा वर असला की मला वाटे मीच काहीतरी चुकले. खाली असला की वाटे नीट लावला नाही. मी दोनदोनदा लावायची.

शेवटी ताप उतरला. तासगावहून डॉक्टर येऊन बघून गेले. जाताना अंगणात ते काकांना म्हणाले, "ताप गेलाय, पण अंगात काही उरलं नाही. आता पोटात अन्न गेलं तरच बाई वाचतील. हलकं काहीतरी द्या. लहान माशांचं पाणी चालेल. पण खायला हवं, पैलवान. नाही खाल्लं तर माझ्याजवळ औषध नाही."

काकांनी मान हलवली, डॉक्टरांना टांग्यापर्यंत पोचवलं आणि परत येऊन अंगणाचं दार लावलं. कडी त्यांच्या हातात आली. तशीच मुठीत धरून ते कितीतरी वेळ उभे होते.

काकी खात नव्हत्या. तापात नव्हत्या खात ते समजण्यासारखं होतं, पण ताप गेल्यावर तर त्यांनी भिंतीकडे तोंडच केलं. त्याचं कारण मला माहीत होतं, आणि ते कुणाला सांगायचं मला कळत नव्हतं. त्यांचे केस गळत होते.

काकींचे केस म्हणजे पंचक्रोशीत बोलायची गोष्ट होती. गुडघ्यापर्यंत यायचे. न्हाल्यावर त्या परसात केस वाळवत बसल्या की येणारीजाणारी बाई उगाच काही मागायला आत यायची. मुदतीच्या तापानंतर केस जातात हे मी ऐकलं होतं, पण असे जातात हे माहीत नव्हतं. सकाळी उशीवर झुबके पडलेले असत. काकी जाग्या व्हायच्या आत मी ते गोळा करून रुमालात बांधायची. एकदा मला उशीर झाला. काकींनी डोक्यावरून हात फिरवला आणि बट हातात आली. त्या तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पदर कपाळापर्यंत ओढून घेतला आणि कूस बदलली. त्या दिवसापासून भेटायला आलेल्या बायकांना आत सोडायचं नाही, अशी खूण त्यांनी मला केली, आणि पुढ्यातली वाटी हातानं सरकवली.

काका रोज नदीवर जात होते. चैत्राचं पाणी, तळातला गोटा न् गोटा दिसायचा. असल्या पाण्यात मासा जाड दोऱ्याला फिरकत नाही. काका बोटाएवढे चंदेरी मासे त्या एका केसावर काढून आणायचे, मी त्यांचं पाणी उकळायची, वाटी आत न्यायची आणि तशीच बाहेर आणायची.

"प्याली?"

मी मान हलवायची.

"मासा जून असंल," म्हणून काका पुन्हा नदीकडे निघायचे. जणू सगळी चूक माशाचीच होती.

दोरे तुटायचे, नवे लागायचे, आणि त्यासाठी गावात पांढरा घोडा एकच होता, हुसेनभाई टांगेवाल्यांचा सुलतान. पेट्रोल मिळत नसल्यामुळे हुसेनभाईंचा टांगा तेव्हा दिवसभर पळत असे, आणि जिथं थांबे तिथं काका मागच्या बाजूला हजर असत. एकदा मीही सोबत होते. मला घोड्याच्या मागे उभं राहायची भीती वाटते, म्हणून मी लांबूनच बघत होते. काकांनी शेपटीला हात घातला आणि पुढून हुसेनभाईंचा आवाज आला.

"पैलवान, शेपूट सोडा."

"दोनच केस, भाई."

"काल बी दोनच हुतं. परवा बी दोनच. आवं, जनावराला माशी हाकाय काय ऱ्हायलं न्हाई! कालच्याला एक पाशिंजर मला इचारतंय, भाई, ह्यो घोडा हाय का उंदीर?"

"उनाळ्यात शेपूट हलकंच बरं."

"व्हय? मग तुमची मिशी हलकी करा की! मिशीनं धरा मासं!"

टांग्याभोवतीची माणसं हसली. काका हसले नाहीत. त्यांनी गंभीरपणे मिशीचं टोक ओढून बघितलं.

"आकूड पडंल," ते म्हणाले आणि घराकडे वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रुमाल मुठीत घेऊन काकींच्या खोलीतून बाहेर पडत होते तोच काका समोर आले. "काय हाय?" त्यांनी विचारलं. मला खोटं पटकन सुचत नाही. मी मूठ उघडली.

काका पायरीवर बसले. त्या जाडजूड बोटांनी त्यांनी गुंत्यातून एकच केस सोडवून काढला. तो उन्हात धरला. दोन्ही हातांत घेऊन हळूहळू ताणला, सैल सोडला, पुन्हा ताणला. मग ते उठले आणि सरळ खोलीत शिरले. मी मागोमाग धावले. ते काय बोलणार याचा मला अंदाज आला होता. इतके दिवस त्या खोलीत केस हा शब्दसुद्धा कुणी काढला नव्हता.

"अगं, ऐकलं का?" काका म्हणाले. "हुसेननं शेपूट बंद केलं. तुझं केस दे."

घोड्याची शेपटी आणि काकींचे केस, दोन्ही त्यांनी एका श्वासात उरकलं होतं. मी डोळे मिटून घेतले.

मग खाट कुरकुरली. काकींनी तोंड आमच्याकडे केलं होतं.

"काय म्हनला?"

"केस. गळाला."

"आवं, तुमाला काय वाटतं का न्हाई?" काकींचा आवाज घोगरा झाला होता, पण तो आवाज होता. "बायकुच्या केसानं मासं धरणार? गाव शेण घालंल तोंडात! आन् त्योच मासा मला खाय घालणार?"

"मासा धुतूच की आपण."

"आन् पांढरा घोडा पायजे, पांढरा घोडा पायजे म्हणून वरातीमागनं पळत हुता, आता काळा कसा चालतुया?"

"आता पाणी काळं हाय."

"चैतात? पाणी काळं?"

"तू बगाय आली हुतीस?"

काकी थोडा वेळ नुसत्या धापा टाकत राहिल्या. मला वाटलं काकांना हाताला धरून बाहेर न्यावं. पण ते खाटेशेजारी जमिनीवर मांडी घालून बसले होते. त्यांना हलवणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं.

"हे बग," ते म्हणाले, "घोड्याचा केस हात-दीड हात. फुडं गाठ मारावी लागती. गाठ दिसली की मासा बिचकतुया. तुझा केस गुडघ्यापातुर. बिनगाठीचा. असला दोरा कुणापाशी हाय का सांग."

"हुता गुडघ्यापातुर," काकी हळूच म्हणाल्या. "आता कुठं हाय."

"ह्या पोरीच्या रुमालात हाय की. उशीवर पडला म्हणजी काय गेला व्हय?"

काकींनी माझ्याकडे बघितलं. मी चोरी पकडली गेल्यासारखी उभी होते. काय करावं ते कळेना, म्हणून रुमाल खाटेवर ठेवून दिला.

काकांनी त्यातले काही केस जुळवले आणि मांडीवर पीळ घालायला सुरुवात केली. काकींचे केस घोड्याच्या केसाहून बारीक होते. पहिल्याच पिळाला तुटले. दुसरे घेतले, तेही तुटले. काकी भिंतीला टेकत टेकत उठून बसल्या.

"दमानं!" त्या ओरडल्या. "दमानं, रेडं कुटलं! आना हिकडं."

आपल्याच शब्दानं हाणल्यावर काकांनी मुकाट्यानं केस पुढे केले. काकींनी ते ओले करून बोटांत घेतले. आपल्या जुन्या केसांची गंगावनं त्या स्वतः वळायच्या, वाती तर रोजच्याच. त्यांच्या बोटांत पीळ सरळ, सारखा बसत गेला. ताप आल्यापासून त्या पहिल्यांदाच आपणहून बसल्या होत्या. मी उशी मागे सरकवली, तेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

त्यानंतर रोज हेच. मी सकाळी केस उघडपणे वेचायची, काकी दोरा वळायच्या आणि काकांना नावं ठेवायच्या. पण खाणं? दोन घोट, फार तर तीन. मग वाटी बाजूला. मी "काकी, अजून एक, एकच" म्हणत राहायची, आणि जितकं म्हणावं तितकं त्यांचं तोंड घट्ट मिटायचं. त्यांचा हात हातात घेतला की हाडंच लागायची. डॉक्टरांचं बोलणं मला सारखं आठवायचं. डॉक्टर पुन्हा यायचे होते, आणि त्यांना काय सांगायचं याची उत्तरं मी मनात जुळवत होते.

एका दुपारी हुसेनभाई अंगणात आले. हातात पांढऱ्या केसांची चांगली जाड जुडी, दोऱ्यानं बांधलेली.

"वैनीसाठनं मासं धरताय, ह्ये सांगायचं न्हाई व्हय, पैलवान? मी आपलं मिशीचं बोलून बसलो. घ्या. सुलतानच्या शेपटाला आता टोपी घालायची तेवडी ऱ्हायली."

काकांनी जुडी घेतली, हुसेनभाईंच्या पाठीवर थाप मारली. हुसेनभाई दोन पावलं पुढे गेले. ते गेल्यावर काकांनी जुडी गोठ्याच्या आढ्यात खोल सारली आणि मला म्हणाले, "मडम, आत बोलू नगं."

"पण काका, पांढरा केसच चांगला ना?"

"लय चांगला."

"आणि काकींचा?"

"आता तुटतुया, मग तुटतुया असं हुतं. जीव टांगल्याला ऱ्हातो."

"मग?"

"मग काय. दमानं." आणि ते काळा दोरा घेऊन नदीवर गेले.

काकींना मात्र चैन पडेना. "तू बी जा," त्या मला म्हणाल्या. "माज्या केसाचं काय करत्यात बगून ये."

डोहाच्या पलीकडच्या वाळूवर नेहमीची सुसर पडली होती. मी काठावर, शक्य तितक्या मागे बसले. अलीकडच्या काठाला दोघेतिघे म्हशी धूत होते. बराच वेळ काही झालं नाही. मग काकांच्या काठीचं टोक पाण्याकडे झुकलं आणि झुकतच गेलं. लहान मासा असा झुकवत नाही. पाण्यात एकदा सोनेरी काहीतरी वळलं. हातभर लांबीचा खडशी मासा होता. दोरीवाल्यांना जो वर्षावर्षात मिळत नाही, तो काकींच्या केसावर लागला होता.

"वडा पैलवान, वडा!" म्हशीवाले ओरडले.

काकांनी ओढलं नाही. मासा आत निघाला तसे ते त्याच्यामागून पाण्यात निघाले. गुडघाभर, कमरेएवढे. धोतर भोवती फुगून तरंगू लागलं.

"काका, सुसर!"

"बगितली. झोपलीया ती."

मी पलीकडे बघितलं. वाळूवर सुसर नव्हती.

म्हशीवाल्यांनी म्हशी बाहेर हाकल्या आणि ते आता ‘बाहेर या’ म्हणून ओरडायला लागले. काका छातीएवढ्या पाण्यात होते. मासा डावीकडे गेला, काका डावीकडे. उजवीकडे, तसे उजवीकडे. मोठ्या माणसानं लहान मुलाचं बोट धरून जत्रेत फिरावं तसे ते फिरत होते. घरी जाऊन काकींना काय सांगू, एवढंच माझ्या डोक्यात होतं. हळूहळू मासा दमला आणि त्यांच्या अंगाजवळ येऊन आडवा झाला. आता ते त्याला कवेत घेतील असं वाटलं. त्यांनी हात पाण्याखाली नेला, दोन बोटांनी काहीतरी केलं. मासा क्षणभर तिथंच राहिला आणि मग खाली गेला.

"याड लागलं का पैलवान तुमाला!" एकजण काठावर पाय आपटत ओरडला.

काका दोरा बोटांवर गुंडाळत सावकाश बाहेर आले. ओठ निळे पडले होते. सुसर लांब खाली, नदीच्या वळणावर पाण्याबाहेर आली.

"का सोडला, काका?" मला जवळजवळ रडू येत होतं. "तेवढ्या एका माशात आठवडाभराचं झालं असतं."

"उचलताना शेपूट मारलं असतं त्यानं," ते म्हणाले. "तुटला असता गं."

घरी आलो तर काकी दारात उभ्या होत्या. चौकट दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या, पदर खांद्यावर घसरला होता. डोक्यावर जागोजागी कातडी दिसत होती. बातमी आमच्याआधी पोचली होती.

"तुटला?" त्यांनी विचारलं.

"न्हाई." काकांनी हात पुढे केला.

काकींनी दोरा त्यांच्या बोटांवरून सोडवून घेतला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चिमटीतून सरकवत तपासला.

"मासा केवडा हुता?"

काकांनी हात पसरून दाखवला.

"आन् सोडला?"

"सोडला."

"येवडा मासा सोडून ह्यो दोरा घिऊन आला?"

काकांच्या धोतरातलं पाणी अंगणात टपटपत होतं. काकी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग हळूहळू, चौकटीला धरूनच, त्या उंबऱ्याशी खाली बसल्या.

"मग आता मी खाऊ काय?" त्या चिडून म्हणाल्या.

मी चुलीकडे धावले. तांदळाची पेज केली, घाईत ती खाली लागली. वाटीत घातली तेव्हा करपल्याचा वास येत होता, आणि आता हीसुद्धा परत येणार असं मला वाटलं. काकींनी वाटी घेतली. काका समोर ओलेचिंब बसून होते. मी "अजून घ्या" म्हणायला तोंड उघडलं तर त्यांनी नुसता हात वर करून मला थांबवलं. काकी खात राहिल्या. वाटी रिकामी झाल्यावर त्यांनी ती माझ्यापुढे धरली.

"आनिक वाड," त्या म्हणाल्या. "आन् मीठ कमी हाय."

"मी आणतू," म्हणत काका घाईनं उठले.

मिठाचं मडकं चुलीशेजारी होतं. काका उलट्या बाजूला, परसात गेले, आणि बराच वेळ आले नाहीत.